टोपलीचा बावटा

आभाळाला इतका भिणारा आणि आभाळावाचून इतका तळमळणारा माणूस पनवेलच्या पंचक्रोशीत एकच झाला, आणि तो आमच्या विद्यालयाचा भूगोलाचा मास्तर होता. त्यांच्याबरोबर मी शेवटचं काम केलं ते टोपल्यांना डांबर फासायचं. वैशाखाचे दिवस, पाऊस अजून लांब, पण मास्तरांना दम नव्हता. माझ्या खोलीमागच्या सावलीत आम्ही दोघे म्हातारे बसलो. ते टोपली गुडघ्यांत धरून हळूहळू फिरवत होते आणि मी काथ्याच्या कुंच्यानं डांबर ओढत होतो. मधेच त्यांनी टोपली उन्हाकडं धरली आणि विणीतलं एक भोक मला दाखवलं. "धर्मा, इथून उजेड दिसतोय. उजेड दिसला की लांबून ती टोपलीच वाटते, बावटा वाटत नाही." मी म्हटलं, "मास्तर, ती टोपलीच आहे." झालं, रुसले. चहा दिला तर माझ्याकडं पाठ करून प्याले. मग अंगठ्याचं डांबर काढायला रॉकेल मागितलं, चोळचोळ चोळलं, ते काही निघालं नाही, आणि तसाच काळा अंगठा घेऊन आपल्या खोलीकडं गेले. धड भांडणही झालं नाही आमचं.

मी या विद्यालयाचा घंटेवाला शिपाई. चौथी झाली आणि बापानं मिठागरात नेलं, तेव्हा मला मास्तरांसारखं शब्दाला शब्द लावून लिहिता येत नाही. जसं आठवतं तसं लिहितो. विद्यालय खाडीच्या अंगाला आहे. मधे दगडी हॉल, त्याला लागून वर्ग, पलीकडं मास्तरलोकांच्या खोल्यांची रांग, आणि अगदी खाडीकडं मुलांचं वसतिगृह. ते त्या वेळी कुडाच्या भिंतींचं आणि झावळ्यांच्या छपराचं होतं. उरण, पेण, कर्जतकडची गरिबांची पोरं तिथं राहायची. माझी बायको हिरा त्या पोरांचा स्वयंपाक करायची. ती गेल्या भादव्यात गेली. तिच्याशिवाय मास्तरांची गोष्ट पुरी होत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मास्तर एकटे. लग्न केलं नव्हतं की झालं नव्हतं, हे कुणी विचारलं नाही. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि बॅटरीवर चालणारा एक रेडिओ. रेडिओची तार त्यांनी शेवग्यापासून माडापर्यंत अशी ताणली होती की येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी त्या तारेनं काढून घ्यावी. रेडिओवर गाणं लागलं की हे तो बंद करत, बॅटरी उतरते म्हणून. नाटक लागलं की बंद, भाषण लागलं की बंद. फक्त हवामान ऐकायचं. ते सांगणारा माणूस अमुक समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे असं म्हणाला की मास्तर घरात पाहुणा यायचा असल्यासारखे उठून उभे राहत. मग ओसरीवर जात. तिथं जमिनीवर त्यांनी गेरूनं अख्खा अरबी समुद्र काढला होता. इकडं गुजरात, इकडं मुंबई, खाली रत्नागिरी, गोवा. वादळ जिथं असेल तिथं ते आधी तांदळाचा दाणा ठेवायचे. एकदा रत्नागिरीच्या समोर आलेलं वादळ कुंपणापलीकडच्या वाडीतल्या कोंबडीनं टिपलं. मास्तर बाहेर येऊन बघतात तर समुद्र मोकळा. त्या दिवसापासून दाण्याच्या जागी चिंचोका आला. पण त्या कोंबडीवर त्यांचा राग नव्हता. उलट कधी चिंता वाढली की म्हणायचे, "ती कोंबडी कुठे असते रे हल्ली?"

बंदरावर वादळाचा बावटा लागतो हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर खांबाला काळी खूण चढली की होडीवाले होड्या ओढून घेतात. मास्तरांचं म्हणणं असं की बंदराला बावटा आहे तर विद्यालयाला का नको? पोरं काय होडीपेक्षा स्वस्त आहेत? त्यांनी आवाराच्या मध्यावर एक उंच खांब रोवला, वर कप्पी बसवली, आणि बावटा म्हणून स्वयंपाकघरातल्या भाकरीच्या दोन टोपल्या डांबर लावून तयार केल्या. एक टोपली वर गेली की बाहेरचं सगळं आत घ्यायचं. दोन गेल्या की माणसांनी दगडी हॉलात यायचं. आणि हे सगळं हिराला न विचारता. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या ठेवायला टोपल्या नाहीत. ती पदर खोचून मास्तरांच्या ओसरीवर गेली आणि थेट अरबी समुद्रात उभी राहिली. "मास्तर, माज्या टोपल्या कुटं हायत?" मास्तरांनी वर बोट केलं. हिरानं वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाली, "मंग आजच्या भाकऱ्या तुमीच वर चडून वाडा." मास्तर म्हणाले, "हिराबाई, तुम्ही मुंबईवर उभ्या आहात, जरा सरका." त्या दिवसापासून त्या दोघांचं जे जुळलं ते जुळलं. बोलणं नेहमी भांडणाचं, पण नवी टोपली विणून आली की ती आधी मास्तरांना दाखवायची.

मास्तरांची खरी खोड वेगळीच होती. वादळ आलं तर कुणीही सांगेल. मास्तर वादळ नसलं तरी सांगायचे. रोज सकाळी रेडिओ ऐकून, कोट घालून, छत्री घेऊन निघायचे आणि आवारातल्या प्रत्येक दारासमोर उभं राहून सांगायचे, "आज काही नाही." प्रिन्सिपॉलांच्या दारी, गणिताच्या मास्तरांच्या दारी, वसतिगृहात, माळ्याच्या झोपडीत, आणि सर्वांत शेवटी आमच्या दारी. लोक चिडायचे. गणिताचे मास्तर दाढी करत असायचे, ते तसेच साबणाच्या तोंडानं ओरडायचे, "काही नाही तर सांगता कशाला हो?" मास्तर शांतपणे पुढच्या दारी जायचे. मी एकदा तेच विचारलं, जरा चांगल्या शब्दांत. ते म्हणाले, "घंटा रोज वाजते म्हणून पोरं उठतात ना रे? एरवी कधी न वाजणारी घंटा एकदम वाजली तर घाबरून भलतीकडं पळतील." मला पटलं, कारण घंटा माझी होती.

पण हिराला ते न सांगता पटलं होतं. तिचा बाप मीठ वाहणाऱ्या मचव्यावर होता. पनवेल बंदरातून मुंबईला पोती न्यायची आणि रिकामं परत यायचं. ती लहान असताना एका सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं, मचवा गेला तो गेलाच. बंदरावर कुणाला काही ठाऊक नव्हतं असं म्हणत. तिची आई पुढं आयुष्यभर एकच बोलायची, की कुणी नुसतं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. हिरा हे कुणाजवळ बोलली नाही, मलाही लग्नानंतर फार उशिरा बोलली. पण मास्तर फेरीत आमच्याकडं यायच्या वेळेला ती चुलीवर काही असलं तरी दारात येऊन उभी राहायची. ते म्हणायचे, "आज काही नाही, हिराबाई." ती नुसती मान हलवायची आणि आत जायची. मग तिचा दिवस सुरू.

आता खरं सांगायचं तर मास्तरांची वादळं बहुतेक येत नसत. कधी वर गुजरातेकडं जात, कधी समुद्रातच विरत. टोपली चढायची, पोरं सतरंज्या, वाळवणं, बाकं आत ओढायची, आणि संध्याकाळी स्वच्छ चांदणं पडायचं. प्रिन्सिपॉल तापट. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "आता पुन्हा टोपली चढली आणि पान हललं नाही, तर हा खांब उपटून स्वयंपाकघराला सरपण देईन." मास्तर हसले नाहीत. खांब गेला तर वाऱ्याच्या वेळी खाडीकडच्या पोरांना कळणार कसं, एवढंच ते मला नंतर म्हणाले. त्या दिवसापासून टोपली चढवण्याआधी ते दहा वेळा रेडिओला कान लावायचे.

आणि नेमकं त्याच साली शिमग्याच्या आधी ते जवळ्याचं झालं. आवारात मासमच्छीला मनाई. ज्यांनी विद्यालय काढलं त्यांचा तो नियम, मोडला तर नोकरी गेली. हिराचा भाऊ आमच्यासाठी पावसाळ्याच्या बेगमीचा जवळा घेऊन आला, आणि तो जरा ओलसर होता. एक ऊन दाखवल्याशिवाय टिकला नसता. खाली वाळत घालावा तर मांजरं, आणि वास थेट प्रिन्सिपॉलांच्या खिडकीत. मी घंटेपाशी होतो, मास्तर स्टँडवर गेले होते. त्या दिवशी जिल्ह्याचे शिक्षणसाहेब यायचे होते, त्यांना आणायला. हिरानं विचार केला की वास वर जातो, मांजर वर जात नाही. तिनं मास्तरांची एक काळी टोपली घेतली, त्यात जवळा पसरला, वरून फडकं बांधलं आणि कप्पीवरून सरसर वर चढवून दिली. ती खूण आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण फाल्गुनात वादळ कुठलं, उन्हातून कोण वर बघतंय, असं तिला वाटलं.

पोरांनी बघितलं. एक टोपली म्हणजे बाहेरचं सगळं आत. साहेबांसाठी घातलेला मांडव बाहेर होता. पोरांना मांडव उतरवण्याइतकं गोड काम दुसरं नसतं. मी पोचेपर्यंत कनाती गुंडाळल्या होत्या, पताका ओढून झाल्या होत्या, टेबल आणि खुर्च्या हॉलात गेल्या होत्या, आणि उघड्या मैदानात रणरणत्या उन्हात नुसते बांबू उभे होते. तेवढ्यात टांगा आला. साहेब उतरले. प्रिन्सिपॉलांचं तोंड बघवत नव्हतं. मास्तरांनी खांबाकडं मान वर केली. वर स्वच्छ आभाळ, टोपली, आणि टोपलीभोवती गावातले सगळे कावळे. मास्तरांना तेव्हाच कळलं. मी पुढं व्हायला निघालो, तर त्यांनी छत्री माझ्या छातीवर आडवी धरली आणि प्रिन्सिपॉलांना म्हणाले, "चूक माझी. रेडिओ नीट ऐकू आला नाही."

टोपली मी आणि त्यांनीच उतरवली. फडकं सुटलं तसं त्यांनी नाकाला रुमाल लावला. जन्मात मासळी न खाल्लेला माणूस. टोपलीत बघत म्हणाले, "धर्मा, वादळाला वास असतो हे कुठल्याच पुस्तकात नाही बघ." मी म्हटलं, मास्तर, मी सांगतो जाऊन, खांब तरी वाचेल. ते म्हणाले, "खांब गेला तर माझं तोंड शिल्लक आहे. हिराबाई गेल्या तर पोरं काय खातील? तू की मी, कोण रांधणार आहे?" संध्याकाळी माळ्यानं खांब उपटला. प्रिन्सिपॉल शब्दाचे पक्के, तो खरंच स्वयंपाकघराच्या भिंतीला आणून टाकला. हिरानं तो चुलीत घातला नाही. त्यावर ती धुतलेली कांबळी वाळत टाकायची. मास्तरांना तिनं एका शब्दानं काही म्हटलं नाही. माफी मागणं हे तिला येतच नव्हतं. जवळा मात्र तिनं सगळा भावाला परत दिला.

खांब गेल्यावर मास्तरांची सकाळची फेरी काही बंद झाली नाही, पण थट्टा वाढली. कुणीही दिसलं की विचारायचं, "काय मास्तर, मांडव उतरवायचा का?" पोरंसुद्धा. मास्तर छत्री टेकत पुढं जायचे.

दिवाळी झाल्यावर एक दिवस दुपारी ते फेरीला निघाले. दुपारी ते कधी निघत नसत. हातात दोन टोपल्या होत्या, एका हातात एक, दुसऱ्या हातात एक, आणि ते दोन्ही हात वर धरून चालले होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. गणिताचे मास्तर पोट धरून हसले. "आता स्वतःच खांब झालात होय?" प्रिन्सिपॉल म्हणाले की चाचणीचे पेपर चालू आहेत, कुणी जागा सोडणार नाही. मास्तर प्रत्येक दाराशी गेले, प्रत्येक दारानं त्यांना परत पाठवलं. शेवटी आमच्या दाराशी आले. हिरा उंबऱ्यावर होती. मास्तरांनी हात अजून खाली घेतले नव्हते. ती म्हणाली, "मास्तर, नक्की?"

"नक्की कुणालाच ठाऊक नसतं, हिराबाई. सकाळपर्यंत गुजरातेकडे चाललं होतं. आता इकडे वळलंय म्हणतात. चुकलो तर ही माझी शेवटची फेरी."

हिरानं खाडीकडं बघितलं. मग त्यांच्या हातांतल्या टोपल्या तिनं काढून घेतल्या आणि मला म्हणाली, "चुलीवरची भांडी उचला. सगली हॉलात न्या." मला वाटलं तिचं डोकं फिरलं. पण तिच्यापुढं माझं कधी चाललं नाही. भात, आमटी, पिठलं, सगळं आम्ही दगडी हॉलात नेलं. तिनं घरचा गूळ काढून शिरा केला, तो हॉलाच्या दारात शेगडीवर केला, म्हणजे वास वसतिगृहापर्यंत जावा. मग मला घंटा वाजवायला लावली, जेवणाची वेळ व्हायच्या कितीतरी आधी. पोरं बाहेर आली तशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज जेवान हॉलात हाय. ज्याला नको त्यानं उपाशी निजावं." मास्तरांचं कुणी ऐकलं नव्हतं. शिऱ्याचं सगळ्यांनी ऐकलं. गणिताचे मास्तरही वाटी घेऊन आले. प्रिन्सिपॉल रागानं लाल होऊन आले, हा काय तमाशा म्हणून विचारायला, आणि ते हॉलात शिरले तेव्हा त्यांच्यामागं दार आपोआप आपटलं.

पुढचं मला वर्णन करता येत नाही आणि करायचंही नाही. दिवेलागण झाली नव्हती तरी अंधार झाला. खाडी ओरडत होती. हिरा आणि मी दाराला पाठ लावून बसलो, मग प्रिन्सिपॉलही येऊन आमच्या शेजारी दाराला पाठ लावून बसले. लहान पोरं रडायला लागली तसे मास्तर त्यांच्यात गेले आणि ताटलीत शिऱ्याचा गोळा ठेवून, हे वादळ, ही मुंबई, आता हे असं जाणार, असं बोटानं दाखवत राहिले. एका पोरानं वादळ खाऊन टाकलं. मास्तर खूष झाले.

सकाळी बघितलं तर वसतिगृहाचं छप्पर नव्हतं. मागचं जांभळीचं झाड पोरांच्या अंथरुणांवर आडवं पडलं होतं. सगळी पोरं आमच्यामागं उभी राहून ते बघत होती. प्रिन्सिपॉलांनी पोरं मोजली, मग पुन्हा मोजली. मग स्वयंपाकघराच्या भिंतीशी गेले, खांबावर पडलेल्या झावळ्या बाजूला केल्या आणि खांबाच्या एका टोकाला स्वतः हात घातला. मास्तरांना एवढंच म्हणाले, "या वेळी जरा उंच रोवू."

त्यानंतर थट्टा कुणी केली नाही असं मी म्हणणार नाही, लोक लोकच असतात. गणिताचे मास्तर तर मरेपर्यंत साबणाच्या तोंडानं ओरडले. पण मास्तर एखाद्या दिवशी तापानं पडून राहिले तर तेच गणिताचे मास्तर अर्धी दाढी घेऊन त्यांच्या खोलीशी जायचे आणि बाहेरूनच विचारायचे, "काय हो, आज आहे का काही?"

वसतिगृह पुढं पक्कं झालं. मास्तर निवृत्त झाले, मी झालो, दोघांनाही विद्यालयानं खोल्या राहू दिल्या. हिराला काविळीनं नेलं. ती गेली त्या रात्री सगळे बसून होते, मास्तर नव्हते. मला राग आला, खोटं कशाला बोलू. सकाळी ते आले. कोट, छत्री, नेहमीच्या वेळेला, सगळी दारं करून. आमच्या उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आज काही नाही, हिराबाई." मग छत्री तिथंच टाकून खाली बसले. पुढं रोज येत राहिले. एकदा मी म्हटलं, मास्तर, ती नाही आता, मला सांगत चला. ते म्हणाले, "तुला माझी छत्री दिसली तरी कळतं. फेरी त्यांच्यापाशी संपते."

टोपल्यांना डांबर लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फेरी आली नाही. मी जाऊन बघितलं. ते खाटेवर होते, कूस रेडिओकडं, काळा अंगठा उशीवर. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. मी त्यांच्या अंगावर चादर ओढली. मग रेडिओचं बटण फिरवलं. मी ते कधी फिरवलं नव्हतं. आधी गाणं लागलं, ते मी बंद केलं. थोड्या वेळानं पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं, असं करत हवामानापाशी आलो आणि उभा राहून सगळं ऐकलं. ओसरीवरच्या समुद्रात चिंचोका नव्हता. ठेवायची गरजही नव्हती.

त्यांची छत्री घेतली. कोट मला झाला नसता. प्रत्येक दारी गेलो आणि सांगितलं, मास्तर गेले. बायका तोंडाला पदर लावायच्या, पुरुष पायरीवर बसायचे, पण दार कुणी लावत नव्हतं. उभे राहायचे माझ्याकडं बघत. मग मी म्हणायचो, आज काही नाही. तेव्हा आत जायचे.

सगळी दारं झाली. माझ्या खोलीपाशी आलो. मागच्या सावलीत दोन्ही टोपल्या पालथ्या पडल्या होत्या, डांबर वाळलेलं. ते भोक मी हातानं चाचपून बघितलं, बुजलं होतं. मग पुढच्या दाराशी येऊन उंबऱ्यासमोर उभा राहिलो, छत्री टेकली, आणि तिला सांगितलं.